काडतूस घरी भरायचं नाही, मग टेबलावर मोजायचं काय?



पेट, नेट, सेटची तयारी करणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "प्रयोगशाळा नाही, गाईड अजून मिळालेला नाही, घर दोन खोल्यांचं. तोपर्यंत घरी बसून संशोधनाची सवय कशी लावायची?" शिरूर आणि दौंडकडच्या वाचकांच्या प्रश्नात कधीकधी एक वेगळी भर असते. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाची केंद्रं आहेत, दोन्ही तालुक्यांत भरतीची तयारी करणारी मुलं खूप आहेत, आणि कॉलेजात एनसीसी केलेल्यांनी .२२ रायफल हातात घेतलेली असते. त्यामुळे नेमबाजीची ओढ असते. मग कुणीतरी अमेरिकेतला व्हिडिओ पाहतो: घराच्या कोपऱ्यात छोटं टेबल, त्यावर हाताने दाबायचं यंत्र, शेजारी वजनकाटा, आणि एक माणूस वापरलेली काडतुसं पुन्हा भरतोय. प्रश्न येतो, "असं टेबल आपल्याकडे लावता येईल का? त्यावर एखादा प्रकल्प होईल का?"

काडतुसं भरायचं टेबल घरी लावायचं नाही. पण त्या टेबलामागे मोजमापाचा जो प्रश्न आहे, तो घरी अभ्यासता येतो, कायद्यात राहून आणि थोड्या पैशांत. आज तेच नीट पाहू.

त्या टेबलावर नेमकं काय होतं?

काडतुसाचे चार भाग असतात: पुंगळी, बुडाशी असलेला प्रायमर, आतली दारू आणि पुढची गोळी. बार उडाला की प्रायमर आणि दारू संपते, गोळी निघून जाते, मागे पुंगळी उरते. ती थोडी फुगलेली असते. पुन्हा भरणारा माणूस तिला मूळ मापात आणतो, प्रायमर बदलतो, दारू मोजून घालतो आणि नवी गोळी बसवतो.

हे कशासाठी? एक कारण पैसे. दुसरं कारण आपल्या कामाचं आहे: एकसारखेपणा. प्रत्येक काडतूस आधीच्यासारखंच असलं तर गोळी त्याच जागी जायची शक्यता वाढते. म्हणजे ते टेबल मुळात फरक कमी करण्याचं साधन आहे. संशोधनातही आपण दुसरं काय करतो? जो फरक नको तो कमी करायचा, म्हणजे जो पाहायचा आहे तो दिसतो.

आधी व्याख्या वाचा

आता कायदा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करायला परवाना लागतो. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पण बरेच जण थेट या कलमावर जातात आणि कलम २, म्हणजे व्याख्या, सोडून देतात. खरी गोष्ट तिथेच आहे. या कायद्यात 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भागच नव्हे, तर दारूगोळा तयार करण्याची यंत्रसामग्रीसुद्धा येते. आता तो व्हिडिओ पुन्हा आठवा. दारूचा एक कणही नसलेलं ते दाबयंत्र या व्याख्येच्या आत येतं. "मी फक्त टेबल लावून ठेवतो, भरत काहीच नाही" हा बचाव व्याख्या वाचल्याबरोबर कोसळतो.

शिक्षाही किरकोळ नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा तयार करण्याला किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे. शिवाय दारू हा स्फोटक पदार्थ असल्याने १८८४ चा स्फोटक अधिनियम वेगळा लागू होतो. दोन खोल्यांच्या घरात गॅस सिलिंडर, देवापुढचा दिवा आणि दारूची बाटली एकाच छताखाली, हे चित्र डोळ्यांसमोर आणलं तरी कायदा इतका कडक का ते कळतं.

मी हे लांबवतोय याला कारण आहे. तुमचा विषय कुठलाही असो, रक्ताचे नमुने, ड्रोन, वन्यप्राणी, शाळकरी मुलांच्या मुलाखती, साधनांची यादी करण्याआधी त्या क्षेत्राच्या कायद्यातलं व्याख्यांचं कलम वाचायचं. काय करायला परवानगी लागते हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

नेमबाजांना ते टेबल लागतं का?

इथे एक गंमत आहे. पुणे जिल्ह्याला दारूगोळा नवा नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा आहे. पण आपले ऑलिम्पिकचे नेमबाज काडतुसं भरत बसत नाहीत. रायफल आणि पिस्तुलाच्या प्रकारांत तर ते शक्यच नसतं.

स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं, ते .२२ च्या रायफलने. .२२ चं काडतूस 'रिमफायर' असतं. त्यात प्रायमर वेगळा नसतो. स्फोटक मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेलं असतं आणि फायरिंग पिन त्या कडेवर आदळते. एकदा कड चेपली की पुंगळी भंगारात. १० मीटरच्या प्रकारांत तर दारूच नसते. हवेच्या दाबावर ४.५ मिलिमीटरचं शिशाचं पेलेट सुटतं. रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये जगज्जेता झाला तो याच १० मीटर एअर रायफल प्रकारात.

मग एकसारखेपणा आणायचा कसा? उत्तर सोपं आहे: स्वतः बनवता येत नसेल तर मोजून निवडायचं. एकाच कारखान्याच्या वेगवेगळ्या लॉटमध्ये थोडा फरक असतो, आणि एका रायफलला चालणारा लॉट दुसरीला चालेलच असं नसतं. म्हणून .२२ ची काडतुसं बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या चाचणीची खास रेंज ठेवतात. तिथे रायफल यंत्रात घट्ट आवळतात आणि एकेक लॉट झाडून पाहतात. एअर रायफलवाले पेलेटचं वजन करतात, डोक्याचा व्यास बघतात, वाकडी बाजूला काढतात.

पेलेट तोलायचं टेबल हे काडतुसं भरायच्या टेबलाचं आपल्याकडचं सर्वांत जवळचं भावंड. ते लहान घरात बसतं. पण ते लावण्याआधी एक हिशेब करायचा आहे.

काटा विकत घेण्याआधी हिशेब

प्रश्न असा: पेलेटच्या वजनात थोडा फरक पडला तर नेम किती चुकतो?

पेलेटचं वजन साधारण ५३० मिलिग्रॅम धरा आणि वेग सेकंदाला १७० मीटर. १० मीटर जायला सुमारे ०.०५९ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात पेलेट गुरुत्वाकर्षणाने खाली येतं. किती? निम्मं गुणिले ९.८ गुणिले वेळेचा वर्ग. उत्तर सुमारे १७ मिलिमीटर. रायफलची साइट हे १७ मिलिमीटर आधीच भरून काढते. आपल्याला पाहायचंय ते या १७ मध्ये होणारा बदल.

इथे एक गृहीतक घेऊ: रायफल प्रत्येक पेलेटला सारखीच ऊर्जा देते. हवेचा अडथळा सोडून देऊ. मग पेलेट जितकं जड तितका वेगाचा वर्ग कमी, आणि वेगाचा वर्ग जितका कमी तितकं पेलेट जास्त खाली येणार. म्हणजे खाली येण्याचं अंतर वजनाच्या सरळ प्रमाणात बदलतं. वजन १ टक्का वाढलं तर १७ मिलिमीटरचा १ टक्का, म्हणजे ०.१७ मिलिमीटर. पेलेटचा १ टक्का म्हणजे ५.३ मिलिग्रॅम. तेव्हा दर मिलिग्रॅमला फरक साधारण ०.०३ मिलिमीटर.

हे जास्त की कमी? १० मीटर रायफलच्या टार्गेटवर मधला दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ २.५ मिलिमीटर बाहेर. गुण दशांशात मोजतात, म्हणजे ०.१ गुणाला ०.२५ मिलिमीटर. तेव्हा वजनामुळे दशांश गुण जायचा असेल तर पेलेटमध्ये साधारण ८ मिलिग्रॅमचा फरक हवा.

कागद-पेन्सिलीने पाच मिनिटांत मिळालेलं हे उत्तर दोन गोष्टी सांगतं. पहिली, स्वयंपाकघरातला किंवा ०.०१ ग्रॅमचा काटा उपयोगाचा नाही, कारण त्याची एक पायरीच १० मिलिग्रॅमची. ०.००१ ग्रॅमचा छोटा काटा पुरतो. प्रयोगशाळेतला महागडा काटा लागत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: एक-दोन मिलिग्रॅमच्या फरकासाठी रात्र जागवण्यात वजनाच्या बाजूने फारसा अर्थ दिसत नाही. एका डबीत ५०० पेलेट असतील आणि प्रत्येकाला २० सेकंद लागले तर पावणेतीन तास जातात.

"मग सगळे तोलतात ते वेडे का?" तसं नाही. आपला हिशेब फक्त एका वाटेचा आहे: वजन, वेग, खाली येणं. वजनातला फरक कधीकधी दुसऱ्या दोषाची खूण असतो, म्हणजे आत पोकळी, कडेला चेपलेला घाघरा, डोक्याचा वेगळा व्यास. पेलेट ४.४९, ४.५०, ४.५१ अशा डोक्याच्या मापांत मिळतात, आणि नळीत ते किती घट्ट बसतं याचा परिणाम आपल्या समीकरणात नाहीच. हिशेबाने प्रश्न संपला नाही, नेमका झाला. 'वजनाने फरक पडतो का' हा प्रश्न सैल आहे. 'वजनामुळे हिशेबापेक्षा जास्त फरक पडतो का' याचं उत्तर शोधता येतं.

टेबल लावताना

जागा दोन बाय दीड फूट पुरते, पण कुठली जागा हे महत्त्वाचं.

पहिला नियम: स्वयंपाकाच्या ओट्यावर नाही. पेलेट शिशाची असतात. हाताळताना शिसं बोटांना लागतं, जुन्या डबीत पांढरट भुकटी दिसते. रक्तातल्या शिशाची कुठलीच पातळी सुरक्षित म्हणून माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि सर्वांत जास्त धोका लहान मुलांना असतो. म्हणून टेबलाजवळ चहा-बिस्किट नाही, भुकटीवर फुंकर नाही, केरसुणी नाही. ओल्या फडक्याने पुसा, ते फडकं वेगळं ठेवा, काम झालं की साबणाने हात धुवा आणि डबी मुलांच्या हाताला येणार नाही अशी ठेवा. घरात रांगतं मूल असेल तर हे काम क्लबमध्येच करा. 'छोट्या घरात' या शब्दांचा खरा अर्थ हा आहे.

दुसरं, काट्याखाली कडप्प्याचा तुकडा. दगडाचं दुकान असेल तिथे उरलेला तुकडा स्वस्तात मिळतो. जड आणि सपाट असल्याने तो काट्याला स्थिर ठेवतो. प्रयोगशाळेतही चांगल्या काट्याखाली दगडी फळी असते, तत्त्व तेच. खाली घडीचं नव्हे, भिंतीला टेकलेलं पक्कं टेबल हवं.

तिसरं, वारा. एका मिलिग्रॅमवर पंख्याची झुळूक स्पष्ट दिसते. पंखा बंद आणि काट्यावर पारदर्शक डबा उलटा. काटा सुरू करून अर्धा तास तसाच ठेवा, मग शून्य करा. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत प्लास्टिकच्या ताटलीवर स्थिर वीज साठते आणि आकडा भटकतो, म्हणून धातूची ताटली वापरा.

चौथं, परिसर. दौंडला रुळांजवळ घर असेल तर मालगाडी जाताना आकडा हलतो का ते बघा. शिरूरला नगर रस्त्यालगत ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या असतातच. उपाय म्हणून रात्रीची वेळ निवडा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे वहीत 'शेरा' नावाचा रकाना ठेवा आणि 'गाडी गेली' असं लिहा. पुढे एखादा आकडा विचित्र दिसला तर तो का, हे सांगायला हाच रकाना कामाला येतो.

पाचवं, तपासणीचं वजन. एक स्वच्छ नाणं वेगळं ठेवा आणि दर २५ पेलेटनंतर ते तोला. नाणं हे प्रमाणित वजन नव्हे, त्यावरून काटा 'खरा' आहे की नाही कळणार नाही. पण सुरुवातीला आलेला आकडा शेवटीही तोच येतो का, हे नक्की कळेल. अचूक असणं आणि स्थिर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे आपल्याला पेलेटची आपापसात तुलना करायची आहे, म्हणून स्थिरता पुरते.

आधी काट्याची परीक्षा

आता प्रयोग. बहुतेक जण डबी उघडून सरळ ५०० पेलेट तोलायला बसतात. थांबा.

एकच पेलेट घ्या. चिमट्याने ठेवा, आकडा लिहा, उचला, पुन्हा ठेवा. असं वीस वेळा. पेलेट तेच आहे, त्यामुळे आकड्यांत जो फरक येईल तो काट्याचा आणि तुमच्या हाताचा. त्याचं प्रमाण विचलन काढा. समजा ते १.५ मिलिग्रॅम आलं.

मग शंभर वेगवेगळी पेलेट एकेकदा तोला. समजा प्रमाण विचलन २.५ मिलिग्रॅम आलं. यात पेलेटचा खरा फरक आणि काट्याचा फरक दोन्ही मिसळलेले आहेत. ते सरळ वजा होत नाहीत, त्यांचे वर्ग वजा होतात. २.५ चा वर्ग ६.२५, १.५ चा वर्ग २.२५, वजाबाकी ४, त्याचं वर्गमूळ २. म्हणजे पेलेटमधला खरा फरक २ मिलिग्रॅम.

दोन्ही विचलनं जवळपास सारखीच आली, तर तुम्ही पेलेट निवडतच नाही आहात. काट्याच्या लहरीप्रमाणे ढीग लावताय. आज 'जड' ठरलेलं पेलेट उद्या 'हलकं' ठरेल. करून बघा: डोळे मिटून दहा पेलेट काढा, क्रमांक घाला, आज आणि उद्या तोला, दोन्ही दिवशी क्रम तोच येतो का पाहा. सर्वेक्षणाची प्रश्नावली असो की मातीचा सामू, हीच परीक्षा आधी घ्यायची असते.

मग रेंजवर

झाडायचं काम घरी नाही. ते क्लबच्या रेंजवर, प्रशिक्षकासमोर आणि तिथले नियम पाळून.

समजा हलक्या आणि जड ढिगांत ४ मिलिग्रॅमचा फरक आहे. आपल्या हिशेबाने टार्गेटवर उभा फरक ०.१३ मिलिमीटर. तुमच्या हाताचं उभं विचलन, समजा, २ मिलिमीटर. प्रत्येक ढिगातून ३० फैरी झाडल्या तर दोन सरासऱ्यांच्या फरकातली अनिश्चितता येते २ गुणिले (२ भागिले ३०) चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.५२ मिलिमीटर. शोधायचंय ०.१३ आणि धुकं आहे ०.५२ चं. या ६० फैरींतून वजनाबद्दल काहीच सिद्ध होणार नाही, निकाल कुठल्याही बाजूने लागो.

अनिश्चितता त्या फरकाच्या निम्म्यावर आणायची तर प्रत्येक ढिगातून जवळजवळ १,९०० फैरी लागतात. पण रायफल आवळून ठेवली आणि विचलन समजा अर्ध्या मिलिमीटरवर आलं, तर तेच काम १२० फैरींत होतं. कंपन्या रायफल यंत्रात का आवळतात हे आता समजलं ना? नमुना वाढवण्यापेक्षा धुकं कमी करणं अनेकदा स्वस्त पडतं.

आणि एक. कुठलं पेलेट कुठल्या ढिगातलं हे झाडणाऱ्याला कळता कामा नये. भावाला किंवा मैत्रिणीला चिठ्ठ्या टाकून ट्रे भरायला सांगा, यादी तिच्याकडे राहू दे. 'निवडलेली' पेलेट हातात आहेत हे कळलं की माणूस जास्त जपून ट्रिगर दाबतो, आणि मग गुण वाढतात ते विश्वासाने, वजनाने नाही.

यातून काय घ्यायचं?

बालेवाडीची रेंज शिरूरहून आणि दौंडहून पुणं ओलांडून पलीकडे. जाण्यायेण्यात दिवस जातो. ज्याच्याकडे आठवड्याला एकच दिवस रेंजवर आहे, त्याने घरचे तीन तास पेलेट तोलण्यात घालवावेत की रिकाम्या रायफलने उभं राहण्याचा सराव करावा, हा खरा प्रश्न आहे. वरचे आकडे त्याला उत्तराच्या बरंच जवळ नेतात: हाताचं २ मिलिमीटर आधी, पेलेटचं ०.१३ नंतर. तोलण्यापेक्षा वाकडी पेलेट डोळ्यांनी पाहून बाजूला काढणं जास्त फायद्याचं.

तुमच्या पीएचडीच्या प्रस्तावातही हेच चार प्रश्न याच क्रमाने विचारा. मला हे करायची परवानगी आहे का? ज्या परिणामाच्या मागे मी आहे तो साधारण किती मोठा असेल? माझं साधन तेवढं बारीक पाहू शकतं का, आणि ते मी तपासलंय का? बाकीच्या गोंधळातून तो दिसायला किती नमुने लागतील?

या आठवड्यात एवढंच करा. पेलेट नसतील तर तूरडाळीचे दाणे घ्या, ओळखीच्या सोनाराचा काटा तासभर मागा, आणि एकच दाणा वीस वेळा तोला. वीस आकडे एकाखाली एक लिहा. ते वीसही सारखे येत नाहीत, हे स्वतःच्या अक्षरात दिसलं की पुढच्या पायऱ्या समजावून सांगाव्या लागत नाहीत.